प्रवेश परीक्षांतील शब्दसंपत्तीचे प्रश्न आणि व्याकरणाची खूण : खानदेशातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

मेहरूण हे नाव एकेकाळी बोरांमुळे सर्वतोमुखी होते. आज ते जळगाव शहराचाच भाग आहे आणि तलावाच्या आसपासच्या वस्तीतून दरवर्षी अनेक तरुण पदवीधर होतात. त्यांतील कित्येकांची घरची भाषा अहिराणी, लेवा गणबोली किंवा उर्दू असते, शाळेची भाषा मराठी वा उर्दू असते, आणि इंग्रजी ही पाठ्यपुस्तकातून भेटलेली परकी भाषा असते. व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा किंवा परदेशी विद्यापीठासाठी जीआरई द्यायचे ठरले की या विद्यार्थ्याला पहिली धास्ती वाटते ती इंग्रजी शब्दांची. गणिताचा सराव करता येतो, तर्काचे प्रश्न सोडवून सोडवून अंगवळणी पडतात. शब्द मात्र एकतर येतो किंवा येत नाही, अशी त्याची समजूत असते. म्हणून तो शब्दांची यादी घेऊन घोकायला बसतो.

ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आजच्या परीक्षांत शब्द सुटा विचारला जाण्यापेक्षा वाक्यातील रिकाम्या जागेच्या रूपाने विचारला जातो, आणि ती जागा कोणत्या प्रकारच्या शब्दासाठी राखलेली आहे हे वाक्याची रचनाच सांगत असते. ती रचना ओळखण्यासाठी लागणारे व्याकरण मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने शाळेतच शिकलेले असते. उभयान्वयी अव्यये, विभक्ती आणि प्रयोग यांच्या पलीकडचे फारसे काही त्यात नाही. अडचण एवढीच आहे की इंग्रजी भाषा या खुणा मराठीपेक्षा वेगळ्या ठिकाणी ठेवते.

यादीचा काळ आणि त्यानंतर

यादी घोकण्याची प्रथा निराधार नव्हती. ऑगस्ट २०११ पूर्वीच्या जीआरई परीक्षेत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसाधर्म्य असे दोन प्रश्नप्रकार होते. विरुद्धार्थी शब्दाच्या प्रश्नात एक मोठ्या अक्षरांतील शब्द आणि खाली पाच पर्याय, याखेरीज काहीही नसे. तेथे शब्द पाठ असणे हाच उपाय होता, आणि बॅरन्सच्या मार्गदर्शक पुस्तकातील साडेतीन हजार शब्दांची यादी त्यामुळेच विद्यार्थ्यांच्या हाती दिसे. २०११ च्या सुधारणेत हे दोन्ही प्रकार काढून टाकण्यात आले. त्यांच्या जागी एक ते तीन रिकाम्या जागांचा उतारा, तसेच एकाच रिकाम्या जागेसाठी सहा पर्यायांतून दोन समतुल्य शब्द निवडण्याचा प्रश्न, असे प्रकार आले. पुढे सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आणखी आटोपशीर झाली. भाषिक विभागात आता दोन भाग मिळून २७ प्रश्न आणि ४१ मिनिटे असतात, म्हणजे प्रत्येक प्रश्नास सुमारे दीड मिनिट मिळते. राज्याच्या व्यवस्थापन प्रवेश परीक्षेत अलीकडच्या वर्षांत २०० प्रश्नांसाठी १५० मिनिटे दिली जातात आणि त्यांतील ५० प्रश्न भाषिक क्षमतेचे व आकलनाचे असतात. तेथे सरासरी वेळ पाऊण मिनिटाचाच. दोन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. त्यामुळे पाच पर्यायांतील तीन रचनेच्या आधारे बाद करता आले, तर उरलेल्या दोहोंत अंदाज करणेही फायद्याचे ठरते.

परीक्षा बदलली, पण तयारीची रीत मात्र बऱ्याच अंशी जुनीच राहिली आहे. यादीत 'यट' म्हणजे 'अजून', 'इफ' म्हणजे 'जर', 'सिन्स' म्हणजे 'पासून' अशी एकास एक जोडी लावलेली असते. अवघड शब्दांपेक्षा या सोप्या शब्दांच्या अपुऱ्या अर्थांमुळेच अधिक प्रश्न चुकतात, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

अर्थ नसताना व्याकरण काय सांगते

वाक्यरचना स्वतःच किती अर्थ पोचवते याचा पडताळा मराठीतच घेता येतो. पुढील वाक्यातील मुख्य शब्द कोणत्याही कोशात नाहीत : 'एका झिमट्या गारोळाने दोन तुपकांना भिंडळले.' तरीही मराठी भाषकाला यातून बरेच काही कळते. गारोळ हे नाम असून ते एकवचनी आहे, आणि सामान्यरूप पाहता ते पुल्लिंगी किंवा नपुंसकलिंगी असावे. झिमटा हे त्याचे विशेषण आहे. तुपक दोन आहेत आणि जे घडले ते त्यांच्यावर घडले. भिंडळणे हे सकर्मक क्रियापद आहे, क्रिया होऊन गेली आहे आणि प्रयोग भावे आहे. शब्दार्थ शून्य असूनही कोणी, कोणाला आणि केव्हा या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, ती केवळ प्रत्ययांमुळे.

लहान मुलेही याच वाटेने शब्द शिकतात. रॉजर ब्राऊन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली शाळापूर्व वयाच्या मुलांना एक चित्र दाखविले. त्यात भांड्यातील एका पदार्थावर हाताने काही क्रिया चाललेली होती. 'सिब' हा निरर्थक शब्द क्रियापदाच्या रूपात ऐकविला असता मुले बहुधा क्रियेचे चित्र निवडीत, गणनीय नामाच्या रूपात ऐकविला असता वस्तूचे, आणि पदार्थवाचक नामाच्या रूपात ऐकविला असता पदार्थाचे. रिकाम्या जागा भरण्याच्या चाचणीला शास्त्रीय रूप देणारा विल्सन टेलर यांचा लेख त्यापूर्वी, १९५३ मध्ये, प्रसिद्ध झाला होता.

ही जाण शाळेतूनच येते असेही नाही. ज्यांचे नाव २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठास दिलेले आहे त्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या, परंतु त्यांच्या बोलीतील प्रत्ययव्यवस्था कोठेही ढिली नाही. खानदेशातील मूल घरी 'माले' म्हणते आणि वर्गात 'मला' लिहिते. 'ले' आणि 'ला' हे प्रत्यय एकच काम करतात, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजीत मात्र हे विभक्तिप्रत्यय नाहीत. तेथे कर्ता आणि कर्म त्यांच्या जागेवरून ओळखायचे, आणि नेमक्या याच ठिकाणी प्रत्ययांच्या आधारे वाचण्याची सवय असलेला वाचक चाचपडतो.

वाक्याची दिशा

येथे एक गैरसमज आधीच दूर करणे आवश्यक आहे. 'रिकाम्या जागी विशेषण हवे, म्हणून नामे बाद करा' ही शिकवण जीआरईच्या प्रश्नांत फारशी उपयोगी पडत नाही, कारण तेथील पर्याय सहसा एकाच शब्दजातीचे असतात. सगळी विशेषणे किंवा सगळी क्रियापदे. तेथे व्याकरणाची खूण शब्दजात सांगत नाही, ती अर्थाची दिशा सांगते. आलेल्या विधानाला रिकामी जागा पुढे नेते की उलटवते, हे कळणे महत्त्वाचे.

मोरो केशव दामले यांच्या १९११ साली प्रसिद्ध झालेल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथापासून आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत उभयान्वयी अव्ययांचा विचार अर्थानुसार होत आला आहे. समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, कारणबोधक, संकेतबोधक ही नावे विद्यार्थ्याने परीक्षेपुरती पाठ केलेली असतात. प्रवेश परीक्षेच्या वाक्यात ती प्रत्यक्ष कामाला येतात. जोडणारा शब्द न्यूनत्वबोधक असेल तर रिकामी जागा आधीच्या विधानाच्या विरुद्ध जाणार. परिणामबोधक वा कारणबोधक असेल तर त्याच दिशेने जाणार. उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याला 'अगरचे … मगर' ही जोडी हेच सांगते.

मात्र मराठी ही जोडी दोन्ही बाजूंनी बांधते : 'जरी' म्हटले की 'तरी' येणारच. इंग्रजीत 'ऑल्दो' आले की पुढे 'बट' येत नाही. विद्यार्थ्याच्या लेखनात 'ऑल्दो … बट' ही चूक वारंवार आढळते, ती या 'जरी … तरी'मुळेच. लेखनातील ही चूक शिक्षक लाल शाईने सुधारतात. वाचनातील तिची बहीण मात्र कोणाच्या लक्षात येत नाही : 'तरी'ची वाट पाहणाऱ्या वाचकाला मुख्य वाक्य कोठे सुरू झाले ते कळत नाही, कारण ते काम तेथे एका स्वल्पविरामावर सोपवलेले असते.

याच्या उलट 'नॉट ओन्ली … बट ऑल्सो' या रचनेत 'बट' दिसते, परंतु त्यात विरोध नाही. मराठी येथे 'पण' वापरतच नाही. 'केवळ … नव्हे, तर … देखील' असे म्हणते. म्हणजे ज्या दोन कामांसाठी इंग्रजीत एकच शब्द आहे, त्यांसाठी मराठीत दोन शब्द आहेत. यादीत 'बट = पण' असे शिकलेला विद्यार्थी येथे उलट दिशेचा शब्द भरतो; मनात 'तर' उमटले तर तो त्याच दिशेचा पण अधिक तीव्र शब्द शोधतो.

'इफ'ची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. एखाद्या पुस्तकाविषयी दोन स्वल्पविरामांत 'इफ' घालून एक उणे विशेषण लिहिलेले असते आणि लगेच एक अधिक विशेषण येते. येथे 'जर' हा अर्थ लावल्यास वाक्याचा मेळच बसत नाही. मराठीत हाच आशय 'नीरस का होईना, पण भक्कम पुस्तक' असा सहज सांगता येतो. 'का होईना' ही खूण ज्याच्या ध्यानात आली, त्याला दोन विशेषणांपैकी एक दिले असता दुसऱ्याची दिशा सांगता येते. 'व्हाइल' काळ दाखवते तसाच विरोधही दाखवते, 'सिन्स' काळ दाखवते तसेच कारणही, 'यट' म्हणजे 'अजून' तसेच 'तरीही', आणि 'फॉर' हे शब्दयोगी अव्ययासारखे 'साठी'ही असते आणि वाक्याच्या मध्यावर 'कारण'ही. हे शब्द विद्यार्थ्याला सोपे वाटतात, म्हणून तो त्यांवरून नजर घसरवत अवघड शब्दाकडे धावतो.

'नाही' कोठे लपते

मराठी वाक्यात नकार बहुधा शेवटी, क्रियापदाजवळ येतो आणि तो ठळक असतो. इंग्रजीत नकार वाक्याच्या आरंभीच, तोही नकारासारखा न दिसणाऱ्या शब्दांत येऊ शकतो : 'हार्डली', 'स्केअर्सली', 'सेल्डम', 'फार फ्रॉम', 'एनीथिंग बट'. 'एनीथिंग बट' म्हणजे 'मुळीच नाही' आणि 'नथिंग बट' म्हणजे 'निव्वळ'. शब्दशः पाहता नकार दुसऱ्यात दिसतो, पण असतो तो पहिल्यात. 'फार फ्रॉम'साठी मराठीत '-णे तर दूरच' ही जवळची रचना आहे, आणि ती सांगितली की विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटते. 'फ्यू' आणि 'अ फ्यू', 'लिटल' आणि 'अ लिटल' यांतील फरक एका उपपदाचा आहे. मराठीत उपपदच नसल्यामुळे तो कानाला जाणवत नाही आणि 'जवळजवळ नाहीच' याचे वाचनात 'थोडे आहे' होते.

एका नमुना प्रश्नावरून हे स्पष्ट होईल. मूळ वाक्य इंग्रजी समजून त्याचा आशय असा घ्यावा : 'समितीचा अहवाल थोडक्यात असला, तरी तो "एनीथिंग बट" ….. होता : प्रत्येक शिफारशीमागील कारणे त्यात दिली होती आणि प्रत्येक आक्षेपाची दखल घेतली होती.' पर्याय : एक्झॉस्टिव्ह, परफंक्टरी, लॉडेटरी, ल्यूसिड, कंटेन्शस. घाईत वाचणारा विद्यार्थी अपूर्णविरामानंतरचा भाग पाहतो, अहवाल सर्वांगीण होता हे ओळखतो आणि 'एक्झॉस्टिव्ह' निवडतो. आशय त्याने बरोबर ओळखलेला असतो. फक्त नकार निसटतो. क्रमाने पाहिल्यास 'तरी' सांगते की थोडक्यात असण्यावरून जो दोष अपेक्षित होता तो येथे नाही. 'एनीथिंग बट' त्या दोषाचा इन्कार करते. अपूर्णविराम पुढील मजकूर हा स्पष्टीकरण असल्याचे सांगतो. म्हणजे हवा असलेला शब्द दोषवाचक असून काळजीपूर्वक कामाच्या विरुद्ध अर्थाचा असला पाहिजे. सर्वांगीण आणि सुबोध हे गुण झाले, म्हणून पहिला व चौथा पर्याय गळतात. स्तुतिपर आणि वादग्रस्त या अर्थांचा स्पष्टीकरणातील मजकुराशी संबंध लागत नाही. उरतो 'परफंक्टरी', म्हणजे उरकाउरकीचा. हा शब्द पूर्वी कधीही न पाहिलेल्या विद्यार्थ्यालाही येथवर येता येते. अट इतकीच की उरलेल्या चारांचा स्थूल अर्थ तरी त्याला ठाऊक हवा.

शब्दाची जोड

राज्याच्या परीक्षेसारख्या ठिकाणी वाक्ये तुलनेने लहान असतात आणि तेथे आणखी एक खूण उपयोगी पडते : शब्दाला कोणती जोड चालते. मराठीत 'ही दुरुस्ती मूळ कायद्याशी ….. आहे' या वाक्यासाठी पूरक, विसंगत, वंचित आणि पात्र असे चार पर्याय दिले, तर कायदा न वाचताही उत्तर देता येते. पूरक आणि पात्र यांना 'ला' लागतो, वंचितला 'पासून'. 'शी' फक्त विसंगतशी जुळतो. इंग्रजीत हे काम शब्दापूर्वी येणारी अव्यये करतात. त्यांतील 'टू' विशेष फसवा आहे. कर्ज देण्यास नाखूष असलेल्या बँकेविषयीच्या वाक्यात रिकाम्या जागेनंतर 'टू लेंड' असेल तर 'रिलक्टंट' बसते, 'टू लेंडिंग' असेल तर 'अव्हर्स'. दोन्हींचे मराठी भाषांतर 'नाखूष'च होते. पहिला 'टू' क्रियापदाच्या मूळ रूपाचा आहे, दुसरा नामाला जोडणारा. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने वाक्ये उलटसुलट भाषांतरित करवून हीच नजर तयार केली होती. ती पाठमाला जुनाट म्हणून बाजूला सारताना तिचा हा गुणही बाजूला गेला.

उपसर्गांविषयी फार लिहिण्याची गरज नाही; संस्कृत उपसर्गांची सवय असलेल्या विद्यार्थ्याला ते लवकर उमगतात. एका सापळ्याचा मात्र उल्लेख करावा. 'इन्व्हॅल्युएबल' या शब्दातील 'इन' पाहून तो 'बिनमोलाचा, टाकाऊ' असा अर्थ लावला जातो. मराठीतील 'अनमोल' हा शब्द आठवून दिला की प्रश्न मिटतो : मोल नसलेला तो अनमोल नव्हे, मोल करता न येणारा तो अनमोल. 'ली' प्रत्यय पाहून क्रियाविशेषण ठरविण्याचा नियमही 'फ्रेंडली', 'कॉस्टली', 'टाइमली' या विशेषणांपाशी मोडतो.

मर्यादा आणि अध्यापन

व्याकरणाची खूण दिशा दाखवते, शब्द पुरवत नाही. पाचपैकी चार पर्याय अनोळखी असतील तर दिशा कळूनही उत्तर मिळणार नाही. समतुल्य शब्दांच्या प्रश्नात तर पर्यायांतच एक समानार्थी जोडी मुद्दाम चुकीच्या दिशेची ठेवलेली असू शकते. तेथे यादी घोकणारा ती जोडी पाहून हुरळतो, आणि केवळ दिशा जाणणारा दुसरा शब्द न आल्याने अडतो. तेव्हा शब्दसंग्रह वाढविण्यास पर्याय नाही. त्याचा क्रम बदलावा इतकेच सुचवायचे आहे. पहिल्या महिन्यात दुर्मीळ विशेषणांऐवजी तीस-चाळीस जोडशब्द आणि नकारदर्शक रचना, त्यांच्या मराठी, अहिराणी वा उर्दू पर्यायांसह, वर्गात घ्याव्यात. एक साधा सराव असा : पर्याय झाकून ठेवावेत, विद्यार्थ्याने वाक्य वाचून रिकाम्या जागी आपल्या भाषेतील शब्द सांगावा, आणि तो कोणत्या खुणेवरून सुचला ते बोट ठेवून दाखवावे. पर्याय त्यानंतरच उघडावेत. या सरावाला संगणक लागत नाही आणि पुस्तकही लागत नाही. तो मराठीच्या प्राध्यापकांनीही घ्यावा, कारण येथे निम्मे काम मराठी व्याकरणाचे आहे.

हीच दृष्टी महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षांसाठी बहुपर्यायी प्रश्न काढताना उलट बाजूने वापरावी लागते. हॅलाडिना आणि डाउनिंग यांनी १९८९ मध्ये बहुपर्यायी प्रश्नलेखनाचे जे नियम संकलित केले, त्यांत व्याकरणावरून उत्तर फुटू देऊ नये हा एक नियम आहे. वाक्याची दिशा दाखवणारी खूण हा प्रश्नाचा भाग असतो. लिंगवचनाने फुटलेले उत्तर हा प्रश्नकर्त्याचा निष्काळजीपणा असतो. इंग्रजीत रिकाम्या जागेपूर्वी 'अ‍ॅन' छापलेले असते आणि स्वरोच्चाराने सुरू होणारा पर्याय एकच असतो. मराठीत 'तिने रात्रभर जागून ….. वाचली' असे वाक्य देऊन ग्रंथ, नाटक, निबंध आणि कादंबरी असे पर्याय दिले, तर 'वाचली' या क्रियापदानेच उत्तर सांगून टाकले. तेथे कथा, कादंबरी, बखर आणि कविता असे सर्व स्त्रीलिंगी पर्याय द्यावेत, आणि त्यांतील एकच का बसते हे वाक्यातील आशयाने ठरेल अशी वाक्याची मांडणी करावी.